गोल्डन सन: लढाईबाहेरची जादू

गावोगाव फिरत, राक्षसांशी लढत कथा पुढे न्यायच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये जादू फक्त लढाईपुरती असते, हे आपण मुकाट्याने मान्य केलेलं असतं. मघाशी ज्याने विजेचा लोळ पाडून चार राक्षस लोळवले, तोच जादूगार वाटेत एक ओंडका आडवा पडला की गप्प उभा राहतो. मग गावात परत जा, कुणाच्या तरी हरवलेल्या अंगठीचा शोध लावा, तेव्हा कुठे ओंडका हलणार. 'गोल्डन सन'मध्ये ओंडका दिसला की 'मूव्ह' म्हणायचं. हवेत एक भलामोठा हात उमटतो आणि ओंडका सरकवतो. मला या खेळाने पकडलं ते इथे. पुढे लांबलचक संवादांनी आणि लुटुपुटीच्या लढायांनी त्याने बराच वेळ अंतही पाहिला, पण ही पकड काही सुटली नाही.

खेळ २००१चा. 'कॅमलॉट' या जपानी कंपनीने बनवला आणि निन्टेंडोने आपल्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आणला. जपानात ऑगस्टमध्ये, अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये. त्या काळात आमच्या घरी टीव्हीला लावायच्या पिवळ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमच्या पुढे मजल गेली नव्हती. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ मात्र तेव्हा शाळेत होता आणि त्याच्याकडे हे सगळं होतं. घर बदलताना त्याला माळ्यावर घडीचं गेम बॉय ॲडव्हान्स एसपी सापडलं, सोबत 'गोल्डन सन'च्या दोन्ही भागांच्या कॅसेट. गेल्या डिसेंबरात तो डोंबिवलीला आला तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीतून ते माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दादा, तुझ्याकडे लोकलचा वेळ आहे, माझ्याकडे तोही नाही." चार्जरही त्याने आठवणीने आणला होता.

पहिल्या कॅसेटमध्ये खेळ साठवायला तीन जागा असतात. त्यातल्या एका जागेत त्याचा जुना खेळ अजून शाबूत होता. नायकाला त्याने स्वतःचं घरातलं नाव दिलं होतं आणि तो नायक आल्टिन नावाच्या गावातल्या खाणीत वीस वर्षं उभा होता. त्याने खेळ तिथेच का सोडला असेल, ते मला मी आल्टिनला पोहोचल्यावर कळलं. ते पुढे सांगतो.

दुसऱ्या जागेत मी माझा खेळ सुरू केला. कार्यालयातून परतताना सीएसएमटीला गाडी रिकामी मिळते, बसायला मिळतं. तोच माझा खेळायचा वेळ. सकाळी जाताना तर हात खिशात घालायलाही जागा नसते. एसपीला पडद्यावर उजेड आहे हे नशीब, कारण मूळच्या गेम बॉय ॲडव्हान्सला तोही नव्हता; ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बसावं लागायचं. पण एसपीला साधे हेडफोन लागत नाहीत, त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. तो माझ्याकडे नव्हता. त्यामुळे मोतोई साकुराबा यांचं संगीत, ज्याचं लोक अजून नाव काढतात, ते मी फक्त रात्री घरी, तेही बायको झोपल्यावर आवाज कमी करून ऐकलं. एवढ्याशा स्पीकरमधूनही लढाईची धून अंगात येते, हे मान्य करावं लागेल.

सुरुवात वेल नावाच्या डोंगरगावात होते. वादळ, माउंट आलेफवरून गडगडत येणारी शिळा, नदीत वाहून गेलेली माणसं. मग तीन वर्षांनी आयझॅक आणि त्याचा दांडगा मित्र गॅरेट मोठे झालेत, डोंगराच्या पोटातल्या सोल सँक्टम या मंदिरात शिरतात, सॅटुरोस आणि मेनार्डी हे दोन चोर तिथल्या चार तत्त्वांच्या ताऱ्यांपैकी तीन पळवतात, आणि जगातले चार दीपस्तंभ पेटू नयेत म्हणून या पोरांना घराबाहेर पडावं लागतं. मी हे एका वाक्यात सांगितलं. खेळ सांगत नाही. खेळातला प्रत्येक जण तीच गोष्ट दुसऱ्याला सांगतो, दुसरा ती समजल्याचं सांगतो, तिसरा विचारतो की खरंच असं झालं का, आणि मधून मधून डोक्यावर उद्गारचिन्हं, घामाचे थेंब, तीन टिंबं उगवतात. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागतो. शनिवारी भाचा आला होता, शेजारी बसून बघत होता, थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, तू खेळतोयस की वाचतोयस?" पहिले काही प्रवास तर मी खरोखर वाचतच होतो. दादर गेलं, घाटकोपर गेलं, ठाणं आलं तरी लोक बोलतायत.

त्यातही मध्येच 'हो की नाही' असं विचारतात. उत्तर काहीही द्या, पुढचा माणूस "तुला असंच म्हणायचं होतं ना" या सुरात पुढे बोलत राहतो. एकाच ठिकाणी उत्तराला किंमत आहे: गाव सोडण्यापूर्वी कामगिरी नाकारली तर जग विनाशाकडे गेलं असं सांगून खेळ तिथेच आटोपतो. मला तो विनोद आवडला. बाकी सगळीकडे आयझॅक मुका, आणि आपण त्याच्या वतीने मान डोलावणारे.

तर, हे सहन केलं की बक्षीस काय?

बक्षीस म्हणजे सायनर्जी. या जगात जादूला हे नाव आहे आणि ती चार तत्त्वांत वाटलेली आहे: पृथ्वी, अग्नी, वायू, जल. (आपल्याला आकाश शोधायची सवय, ते इथे नाही.) आयझॅक पृथ्वीचा, गॅरेट अग्नीचा, नंतर येऊन मिळणारा आयव्हन वायूचा आणि मिया जलाची. त्यांच्या शक्तींपैकी बऱ्याच लढाईबाहेर चालतात. पाण्याचं डबकं दिसलं की मियाची 'फ्रॉस्ट' टाकायची, त्याचा बर्फाचा खांब होतो आणि त्यावरून पलीकडे उडी मारता येते. वेलीने झाकलेलं गुहेचं तोंड आयव्हनच्या 'व्हर्लविंड'ने मोकळं होतं. 'रिव्हील' केलं की एका वर्तुळापुरती लपलेली वस्तू दिसते. वाळवंटात अंगाची आग व्हायला लागते तेव्हा याच 'रिव्हील'ने दगडांच्या कड्यातला झरा शोधायचा. शक्ती खर्च झाली तरी चालता चालता आपोआप भरून येते, त्यामुळे कंजूषपणा करावा लागत नाही. खेळ कुठेही साठवता येतो, अगदी भुयाराच्या मध्यावरही. गाडी अचानक डोंबिवलीत शिरली तरी पंचाईत होत नाही. लोकलमध्ये खेळणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मजेची शक्ती आयव्हनची 'माइंड रीड'. कुणाच्याही शेजारी उभं राहून त्याच्या मनातलं वाचायचं. तोंडाने गोड बोलणारा दुकानदार मनात काय म्हणतो, पहारेकऱ्याला खरं कशाची भीती आहे, गोठ्यातल्या जनावराला काय वाटतंय. तोंडी संवादांत जो लेखक इतका पाल्हाळ लावतो, तोच मनातल्या वाक्यांत दोन ओळींत माणूस उभा करतो. मी गावागावात शिरून आधी माइंड रीडच करत फिरायला लागलो. कोलिमा गावात पोहोचलो तर सगळी माणसं झाडं झालेली. रिकामं गाव, ओळीने उभी झाडं. एका झाडापुढे उभा राहून मन वाचलं आणि आतून कुणीतरी घाबरून बोलत होतं. तो शाप ट्रेट नावाच्या प्रचंड वृक्षाचा. तो स्वतः मरणपंथाला लागलेला, आणि त्याला वाचवायचं पाणी थेट उत्तरेत बर्फातल्या इमिल गावाजवळच्या दीपस्तंभात. गाव बरं करायला म्हणून आपण तिकडे जातो आणि मुख्य कथेत जाऊन पडतो. इतकी सहज गुंफण पुढे पुन्हा फारशी सापडत नाही.

आता जिन. हे या खेळाचं यंत्र, आणि माझी खरी तक्रारही इथेच आहे.

जगात ठिकठिकाणी छोटे प्राणी लपलेले आहेत. पहिल्या भागात एकूण २८, प्रत्येक तत्त्वाचे ७. काही सहज भेटतात, काहींशी लढावं लागतं, काही अशा ओट्यावर बसलेले असतात की दिसतात पण तिथे जायचं कसं ते कळत नाही. जिन एखाद्या पात्राला लावला की त्याची ताकद वाढते आणि त्याचा वर्ग, म्हणजे लढवय्याचा प्रकारही बदलतो. आयझॅक 'स्क्वायर' म्हणून सुरू होतो. आपल्याच तत्त्वाचे जिन लावत गेलात की नाईट आणि पुढे चढत जातो. परक्या तत्त्वाचे लावले की भलताच कुणीतरी होतो आणि त्याच्या जुन्या शक्ती जाऊन नव्या येतात. 'ग्रोथ' ही शक्ती अशीच वर्ग बदलून मिळते. कोवळा कोंब दिसला, त्याचा वेल करून वर चढायचं आहे, पण ग्रोथ कुणाकडेच नाही. मग बसून जिनांची अदलाबदल करायची. तिथे लढाईची आणि कोड्यांची अशा दोन्ही व्यवस्था एकमेकींत अडकतात आणि खेळ बनवणाऱ्यांचं डोकं दिसतं.

लढाईत हाच जिन सोडता येतो. फ्लिंट जोरात मारतो, फिझ जखमा भरतो, फ्लॅश शत्रूचा मार जवळजवळ निकामी करतो. सोडलेला जिन बाजूला जाऊन बसतो, आणि बसलेले जिन एकत्र करून देवता बोलवता येतात. एका पृथ्वी-जिनात व्हीनस, दोनात रामसेस, तिनात सिबेले, चारात जजमेंट. जजमेंट येतो तेव्हा त्या इवल्याशा पडद्यावर आकाश भरून एक योद्धा उतरतो आणि जमीन फाटते. २४० बाय १६० ठिपक्यांच्या पडद्यावर, आठ मेगाबाइटच्या कॅसेटमधून हे काढलंय, यावर अजूनही विश्वास बसत नाही. लढाईत कॅमेरा वळतो, माणसांच्या पाठीमागून फिरतो, दर शक्तीला वेगळा उजेड. शेजारी बसलेले एक काका रोज पेपर वाचतात. जजमेंट आला की पेपर खाली करून बघायचे.

बोलवल्यावर ते जिन दमतात आणि दर फेरीला एकेक करून परत येतात. मधल्या वेळात तुमची ताकद उतरलेली, वर्ग उतरलेला, कधी उपचाराची शक्तीच हातातून गेलेली. म्हणजे मोठा घाव घालायचा तर काही फेऱ्या उघडं पडायचं. कागदावर हा सौदा फार सुंदर आहे.

खेळ मात्र तो सौदा तुमच्याकडून कधी वसूलच करत नाही. मोठ्या शत्रूच्या दाराशी यायचं, सगळे जिन आधीच बाजूला बसवायचे, आत शिरायचं आणि पहिल्याच फेरीत चौघांनी चार देवता बोलवायच्या. दुसऱ्या फेरीपर्यंत बहुतेकांचा निकाल लागतो. मग उघडं पडलो काय नि न पडलो काय. परक्या जिनांनी होणारे ते चित्रविचित्र वर्ग मी हौसेने करून बघितले, गरज म्हणून नाही. प्रत्येकाला आपल्याच रंगाचे जिन लावून ठेवले तरी शेवटापर्यंत काही अडत नाही. पदरी एवढी बुद्धीची श्रीमंती असून खेळाने परीक्षा इतकी सोपी का काढली असावी? इमिलजवळच्या मर्क्युरी दीपस्तंभावर सॅटुरोस चांगला चोपतो, शेवटचा दुतोंडी ड्रॅगन बरा झुंजतो, आणि क्रॉसबोन बेटाच्या तळाशी बसलेला डेडबिअर्ड मात्र खरा जागं करतो. त्याच्याशी लढताना मी पहिल्यांदा प्रत्येक फेरीपूर्वी विचार केला. पण तो वाटेवर नाही. तिथे न जाताही खेळ संपतो.

आणि रोजच्या लढायांत एक खोड आहे जिने मला खरोखर चिडवलं. फेरीच्या सुरुवातीला चौघांना हुकूम द्यायचा. समजा तिघांना एकाच राक्षसावर सोडलं आणि तो पहिल्याच घावात मेला, तर उरलेले दोघे शेजारच्या जिवंत राक्षसाकडे वळत नाहीत. ढाल पुढे करून उभे राहतात. काही जण म्हणतात की यामुळे आधी अंदाज बांधायला लागतो, म्हणून हा डावपेच आहे. मला पटत नाही. दर पंधरा-वीस पावलांना वटवाघळं भेटणार आणि त्यांच्यासाठी मी गणित मांडायचं? तेही कोडं अर्धं सुटलेलं असताना. तिसरा खांब कुठे सरकवायचा हे ठरवलेलं असतं, तेवढ्यात पडदा गरगरतो, लढाई होते, आणि परत आल्यावर खांब कोणता ते आठवत नाही.

याचा कळस म्हणजे आल्टिन. गाव पाण्याखाली गेलेलं, पाणी ओकणारे पुतळे एकेक करून हरवले की पातळी उतरते आणि खाणीचा आणखी एक थर उघडा पडतो. कल्पना सुरेख. पण खाणीत रूळ, रुळांवर गाड्या, एकसारखे बोगदे, आणि पावलापावलाला लढाई. कथा तर तिथे पूर्ण थांबलेली. दीपस्तंभ, चोर, तारे यांचा कुणी उल्लेखही करत नाही. मावसभाऊ इथे का थांबला ते मला बोगद्यात तिसऱ्यांदा त्याच रुळावर परत आल्यावर कळलं. मी त्याला तसा मेसेज केला. त्याने फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आल्टिन पार केलं की मात्र खेळ पुन्हा उठतो. कारागोल समुद्र ओलांडणाऱ्या जहाजावर राक्षस चढतात, वल्ही मारणारे जायबंदी होतात, आणि त्यांच्या जागी कोणत्या प्रवाशाला बसवायचं ते आपण ठरवायचं. व्यापारी, म्हातारे, रडवे, बढाईखोर असे सगळे प्रवासी. तुमच्या निवडीवर जहाज कुठे लागतं ते ठरतं, आणि वेडीवाकडी माणसं निवडली तर क्रॉसबोन बेटच लागतं. मग टोल्बी शहर आणि तिथली कोलोसो स्पर्धा. आयझॅकला एकट्याला अडथळ्यांच्या शर्यतीत पळायचं आहे, पण तिघे मित्र प्रेक्षकांत कुठे उभे राहतील ते आपण आधी ठरवू शकतो, म्हणजे तिथून ते गुपचूप सायनर्जी वापरून त्याची वाट सोपी करतात. सरळ सरळ लबाडी, आणि खेळ ती आपल्याला करायला लावतो. अख्ख्या खेळात मी मोठ्याने हसलो तो इथेच.

एक छोटी कटकट: प्रत्येकाला जेमतेम पंधरा वस्तू बाळगता येतात. औषधी पानं एकत्र राहतात, पण तलवारी, चिलखतं आणि शक्ती देणारे मणी यांनी पिशवी भरून जाते आणि दर पेटीपुढे आवराआवर करावी लागते.

शेवट व्हीनस दीपस्तंभावर. इथे सांगायला हवं, की हा शेवट नाहीच. सॅटुरोस आणि मेनार्डी पडतात, पण दीपस्तंभ पेटलेला असतो, निम्मी कामं बाकी असतात, आणि खेळ 'पुढे चालू' म्हणून जहाजात बसवून निरोप देतो. २००१ साली ज्यांनी हा विकत घेतला, त्यांना अमेरिकेत दुसऱ्या भागासाठी २००३च्या एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. माझ्याकडे दुसरी कॅसेट खणात होती म्हणून मी शांत राहिलो.

पहिल्या भागातले जिन आणि वस्तू दुसऱ्या भागात नेता येतात, आणि ती प्रक्रिया हा स्वतंत्र खेळ आहे. दोन यंत्रं आणि जोडतार असेल तर काम सोपं. नसेल तर पहिला भाग तुम्हाला परवलीचा शब्द देतो. 'शब्द' म्हणायचं आपलं. वस्तू आणि पैशांसकट सगळं न्यायचं असेल तर तो २६० अक्षरांचा असतो. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं. छोटा हवा असेल तर छोटा मिळतो, पण मग सामान मागे राहतं. मी मोबाइलवर फोटो काढले आणि रविवारी भाच्याला वाचायला बसवलं. तो एकेक अक्षर सांगणार, मी पडद्यावरच्या चौकटीत एकेक भरणार. मोबाइल नव्हते तेव्हा शाळेतल्या पोरांनी हे वहीत उतरवून घेतलं असेल, आणि एक चिन्ह चुकलं की सगळं पुन्हा. भाच्याने मध्ये दोनदा चहाबिस्किटांची सुट्टी मागितली, ती दिली. शेवटी खेळाने ते मान्य केलं तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली.

दुसरा भाग, 'द लॉस्ट एज', दुसऱ्या टोळीबरोबर सुरू होतो: नदीत वाहून गेलेला फेलिक्स, त्याची बहीण जेना, शीबा आणि म्हातारा क्रेडन. म्हणजे इतक्या कष्टाने नेलेले माझे आयझॅक-मंडळी बऱ्याच पुढे भेटणार. हा भाग इंद्रा नावाच्या भूमीवर सुरू होतो, तिथे माद्रा नावाचं शहर आहे आणि वाटेत देहकान पठार लागतं. दख्खनच्या पठारावरून चालताना मी आपसूक सह्याद्री शोधत होतो. सापडला तो खडकांचा आणि पुलांचा चक्रव्यूह. पण पठारावरची कोडी पहिल्या भागापेक्षा चांगली रचलेली आहेत आणि ढाल पुढे करून उभं राहण्याची खोड तशीच आहे.

२०२४ पासून दोन्ही भाग निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन वर्गणीत, वरच्या पॅकमध्ये मिळतात, तेव्हा जुनी कॅसेट शोधत हिंडायची गरज उरलेली नाही. जुनीच घ्यायची असेल तर जपून. बाजारात नकली कॅसेटी भरपूर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खेळ साठवतच नाहीत. संवाद सोसत नसतील त्यांनी बटण दाबत राहावं, माइंड रीड मात्र सोडू नये.

मी सध्या एअर्स रॉक नावाच्या डोंगरात अडकलोय. बाहेरून चढायचा, मग आतून चढायचा, वाऱ्याने फिरवायचे दगड, शेकडो लढाया. वर पोहोचलं की शीबाला रिव्हील मिळते म्हणतात. मावसभावाच्या दुसऱ्या कॅसेटमधला खेळ काल उघडून बघितला. तो इथेही पोहोचला नव्हता.